शेततळ्यात दगड लागला, पोकलेनला कोणती बकेट घ्यावी?

अमळनेरकडच्या एका भावांचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या वर्षी त्यांनी २० टनी जुनं पोकलेन घेतलं. सोबत एक घनमीटरची, पाच दातांची मातीची बकेट आली. वर्षभर नाले आणि तापीकाठची शेततळी केली, काही त्रास झाला नाही. आता साक्री तालुक्यात ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळं घेतलंय, आणि सात फुटांवर दगड लागला. आठ दिवसांत दातांचा सेट संपला, डाव्या कोपऱ्यातल्या अडॅप्टरचं, म्हणजे बकेटला वेल्ड केलेल्या ज्या तुकड्यावर दात बसतो त्याचं, वेल्डिंग फाटलं. एक जण म्हणतो रॉक बकेट घ्या, दुसरा म्हणतो टायगर दात लावा, तिसरा म्हणतो बकेटचा नाद सोडा, सरळ ब्रेकर (छिन्नीनं ठोके मारून दगड फोडणारा हातोडा) घ्या. ऐकायचं कुणाचं?

भाऊ, तिघांचंही खोटं नाही. पण तिघांपैकी एकानंही तुमचा दगड पाहिलेला नाही, आणि प्रश्नात तुम्हीही तो कसा आहे ते लिहिलेलं नाही. दात किती दिवसांत गेले हे लिहिलंय. दगड फुटताना ढेकळासारखा सुटतो, पापुद्रे निघतात की नुसता पांढरा ओरखडा उठतो, हे नाही लिहिलं. बकेट ठरते ती यावरूनच.

मी आधी चार वर्षं हेल्पर होतो, मग अकरा वर्षं ऑपरेटर. आता दोन मशीनं आहेत आणि धुळ्याच्या बाहेर बकेट दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. त्यामुळे तालुक्या-तालुक्यातल्या फुटक्या बकेटा माझ्या दारात येतात. बकेट बघून ती कुठे चालत होती याचा अंदाज येतो. चोपड्याकडची बकेट आतून काचेसारखी गुळगुळीत असते आणि तिचे दात सावकाश, सारखे झिजलेले असतात. सातपुड्याच्या पायथ्याची बकेट बाजूच्या पत्र्याला आणि टाचेला झिजते, बाहेरून ठोकेच ठोके. साक्री-नंदुरबारकडून आलेल्या बकेटीचे दात झिजायच्या आधीच तुटलेले असतात.

याचं कारण आपल्याकडे 'कडक जमीन' या एका नावाखाली चार निराळे प्रकार येतात. तापीच्या दोन्ही काठांना गाळाची जमीन. तिथे खूप खोलवर दगडच नाही, पण एप्रिल-मेमध्ये काळी माती वाळून विटेसारखी होते आणि खाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी चिकण लागते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद केले गेले, त्यात पाणी न झिरपू देणारा हाच थर फोडून खालच्या वाळू-रेतीपर्यंत जायचं होतं. त्या धर्तीच्या कामांवर आमच्या पिढीतले बरेच ऑपरेटर तयार झाले, म्हणून खूप जणांचा हात मातीच्या बकेटवर बसलेला आहे. दुसरा प्रकार यावल-रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा: गोटे, रेती, माती सगळं मिसळलेलं. तिसरा म्हणजे लाव्ह्याचा थरांचा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते थर एकावर एक बसलेत. वर मुरूम, त्याखाली पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, मध्येच एखादा लाल गेरूचा पट्टा, आणि मग पुन्हा तेच. आणि चौथा प्रकार, ज्यावर मी स्वतः आपटलोय, तो म्हणजे डाइक. लाव्हा जमिनीच्या भेगेत घुसून तिथेच गोठला, त्याची उभी भिंत. धुळे-नंदुरबार भागात या भिंती साधारण पूर्व-पश्चिम पळतात. साक्रीहून नंदुरबारकडे जाताना लांबट, कडेला सरळ कापल्यासारख्या टेकड्या दिसतात ना, त्यातल्या पुष्कळ याच आहेत. जमिनीच्या वर दिसते ती एक, पण मातीखाली गाडलेल्याही असतात.

माझा किस्सा सांगतो, म्हणजे नंतर मी जे सांगणार ते कुठून आलंय ते कळेल. दहा-बारा वर्षांपूर्वी असंच शेततळं घेतलं होतं. आखणी करताना शेतकऱ्याचे वडील काठी टेकत आले आणि म्हणाले, "आठे नका खंदू भाऊ, खाले दगड शे." मी पाहिलं तर वर चांगली चार फूट काळी. म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक ठिकाणी दगडच दिसतो. मशीनला १.२ घनमीटरची मोठी बकेट होती, तिचा मला अभिमान होता. पाच फुटांवर बकेट थांबली. मी जोर केला. मशीनचा मागचा भाग उचलला गेला, दात घसरून पुढे आले आणि बकेट आर्मवर येऊन आदळली. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी बकेटीच्या उजव्या कानाच्या (ज्यातून पिन जाते त्या पत्र्याच्या) बुडाशी हातभर चीर गेली. ती बकेट उतरवून धुळ्याला आणण्यात, कान कापून नवा बसवण्यात आणि परत नेण्यात आठवडा गेला. शेवटी त्याच म्हाताऱ्या बाबांनी दाखवलं की शेजारच्या विहिरीत दगड कुठून कुठे जातो. भिंत जेमतेम वीस-पंचवीस फुटांची होती. तळं चाळीस फूट दक्षिणेला सरकवलं, तर त्याच बकेटनं मांजऱ्या सहा दिवसांत निघाला.

तेव्हापासून काम घेण्याआधी मी शेजारच्या विहिरीत डोकावतो. बांधकाम नसलेली किंवा अर्धवट बांधलेली विहीर असेल तर जमिनीचा सगळा उभा काप समोर असतो. माती किती, मुरूम किती, मांजऱ्या कुठे संपतो, पाषाणाला उभ्या भेगा आहेत का, आणि त्या बोट जाईल एवढ्या आहेत की केसाएवढ्या. विहीर नसेल तर आखणीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे आधी मारून बघा. एक तासाचं डिझेल जाईल, पण दर ठरवताना तोंड उघडता येईल. दगड लागला की खाली उतरून पहार मारा. पहार भस्सकन घुसून हलवता आली तर मुरूम. 'भद्' असा बसका आवाज येऊन खपली उडाली तर मांजऱ्या किंवा कुजलेला दगड. हाताला झिणझिण्या आल्या आणि 'ठण्ण' वाजलं तर खाली अंगाचा पाषाण आहे. मग वाकून भेगा शोधा. भेगा असतील तर बकेट किंवा रिपरला (बकेटीच्या जागी लावायचा एकच मोठा दात) आशा आहे, नसतील तर कितीही महागाची बकेट घ्या, काही उपयोग नाही.

आता जोराचा हिशेब. २० टनी मशीनची बकेट गुंडाळताना दाताच्या टोकाला साधारण १४ टनांचा जोर मिळतो, कंपनीप्रमाणे थोडा कमी-जास्त. हा जोर बकेट मोठी घेतली म्हणून वाढत नाही. पाच दात एका वेळी दगडाला टेकले तर एका दाताच्या वाट्याला पावणेतीन-तीन टन येतात. बकेट अरुंद करून चार दात केले तर साडेतीन टन. एकच दात असलेला रिपर लावला तर जवळजवळ सगळा जोर एका टोकावर. शिवाय पिनपासून दाताच्या टोकापर्यंतचं अंतर जेवढं कमी तेवढा जोर जास्त. मोठ्या पोटाच्या बकेटीत हे अंतर वाढतं, म्हणजे तिथेही घाटा. म्हणून दगडात जायचं तर बकेट लहान आणि अरुंद हवी. खूप मालकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं छोटी बकेट म्हणजे छोटं काम. पण मातीत एक घनमीटरची बकेट वर शीग लागून भरते, फुटलेल्या दगडात तीच बकेट दोन-तृतीयांश भरली तरी पुष्कळ, कारण दगडांमध्ये पोकळी राहते. वर मोठी बकेट घेऊन दर खेपेला तीन-तीन वेळा खरडत बसलात तर तासाला निघणारा माल छोट्या बकेटीपेक्षा कमीच भरतो.

रॉक बकेट म्हणजे मातीच्याच बकेटीला जाड पत्रा मारला असं काही जण समजतात, आणि आमच्याकडेही तसं करून मागतात. मी नाही म्हणतो. खरी रॉक बकेट मुळात अरुंद असते, तिचं पोट उथळ असतं, ओठाची पट्टी, म्हणजे दात बसतात ती पुढची कड, जाड असते, तळाला आणि टाचेला निराळ्या झीज-पट्ट्या असतात. पत्रा साध्या लोखंडाचा नसून ४०० ब्रिनेलच्या आसपास कडकपणाचा असतो. साधं लोखंड दीडशेच्या आतबाहेर असतं, त्यावरून फरक समजा. वजनही त्याच मापाच्या साध्या बकेटीपेक्षा दीड-दोनशे किलो जास्त भरतं. हे वजन दर फेरीला आर्मला उचलावं लागतं. म्हणजे मातीच्या कामावर रॉक बकेट लावून फिरणं हा डिझेलचा नुसता धूर आहे.

दातांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे इथे घालवतात आणि सगळ्यात कमी बघतात.

टायगर दात म्हणजे एका टोकाचा अणकुचीदार दात. तो घुसतो छान, पण टोकाला लोखंडच कमी असल्यामुळे लवकर आखूड होतो. भेगांच्या दगडात, मांजऱ्याच्या कडक पट्ट्यात तो उपयोगी. छिन्नीसारखा जाड दात हळू घुसतो पण टिकतो, पायथ्याच्या गोट्यात मी तोच लावतो. दोनटोकी टायगर फक्त दोन कोपऱ्यांना बरा, कारण तो खड्ड्याच्या बाजू सरळ कापतो. सगळ्या जागी दोनटोकी लावला तर जोर पुन्हा वाटला जातो आणि दगड दोन टोकांच्या मध्ये पाचरीसारखा अडकतो. वाळलेल्या काळ्या मातीला आणि पिवळ्या चिकणीला यातलं काही नको. तिथे साधे दात, जरा लांब-लांब बसवलेले, आणि तोंडाकडे रुंद, आत निमुळती होत गेलेली बकेट पाहिजे, नाहीतर ओल्या चिकणीचा गोळा आतच चिकटून बसतो आणि ऑपरेटर दिवसभर बकेट झटकत राहतो.

दात तुटला तर फेकू नका, आधी वाचा. टोक गोल होऊन आखूड झालं असेल तर ती झीज आहे. दगड खरखरीत आहे किंवा दात मऊ ओतलेला आहे. मानेतून मोडून आत दाणेदार, चमकता काप दिसत असेल तर दात बकेटीनं दगड उचकटताना मोडलाय, किंवा ओतीव ठिसूळ आहे. दाताची फक्त खालची बाजू घासून पातळ झाली असेल तर ऑपरेटर बकेट आडवी धरून जमीन खरडतोय. दात दगडात उभा घुसला पाहिजे आणि मग बकेट गुंडाळली पाहिजे. तो आडवा सरकतोय म्हणजे जोर फुकट आणि दातही फुकट. फक्त कोपऱ्याचे दात गेले असतील तर एका कोपऱ्यानं उकरण्याची किंवा मशीन फिरवून बकेटीच्या बाजूनं दगड ढकलण्याची सवय आहे. तुमचा डाव्या कोपऱ्याचा अडॅप्टर फाटलाय, म्हणून माझा पहिला संशय याच सवयीवर आहे. चिडू नका, ऑपरेटरला विचारूनही तो कबूल होणार नाही. बाजूला उभं राहून अर्धा तास बघा. फिरवून मारलेला धक्का बकेटपुरता राहत नाही, तो फिरणाऱ्या चक्राच्या दातऱ्यांपर्यंत जातो, आणि ती दुरुस्ती दातांच्या वीस सेटांनाही भागत नाही.

दातांची अदलाबदलही करत जा. दोन्ही बाजू सारख्या असलेले दात आठवड्याला उलटे करा, कोपऱ्यातले मध्ये आणि मधले कोपऱ्यात. टोकाला भोक पडून आतलं अडॅप्टरचं नाक दिसेपर्यंत थांबलात तर नाकच झिजतं. मग नवा दात बसवला तरी तो डगमगतो, पिन कापली जाते आणि दात कुठेतरी मातीत राहतो. हेल्परला सांगून ठेवा, जेवायच्या सुट्टीत आणि संध्याकाळी दात मोज. हसू नका. माझ्या मशीनचा एक दात डंपरमधून दगडाबरोबर एका क्रशरवर गेला आणि जबड्यात अडकला. क्रशर दिवसभर बंद होतं आणि त्या दिवसाचं बिल माझ्याकडे आलं. दाताची पिन ठोकताना हेल्परच्या डोळ्याला चष्मा असलाच पाहिजे, हेही याच ओळीत सांगतो. कडक पिनवर कडक हातोडा बसला की कपची गोळीसारखी उडते.

लोकल दात घ्यावेत का, असं सगळे विचारतात. मातीत घ्या. दगडात एकदा लोकल आणि एकदा कंपनीचा, असे दोन सेट एकाच जागी लावून मीटरचे तास लिहून ठेवा. किमतीत तिपटीचा फरक असेल आणि कंपनीचा दुप्पटच टिकत असेल तर उत्तर तुमच्या वहीतच आहे. हिशेबात दात बदलायला मशीन उभं राहतं तो वेळही धरा. लोकल दातात मी एकच गोष्ट तपासतो: आतला खड्डा नाकावर नीट बसतो का. दात हातानं दाबून बसवला आणि खडखडला, तर फुकट दिला तरी नको.

आता तुमच्या कामाकडे येतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजूंना एकास एक उतार धरला तर सगळं मिळून २१९६ घनमीटर, म्हणजे साधारण ७७५ ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). सात फुटांवर दगड लागला आणि दहा फुटांपर्यंत जायचंय, तर उरलेलं काम २०० ब्रासच्या आसपास आहे. वरचं पाऊणशे टक्के संपलंय. एवढ्या २०० ब्रासासाठी नवी रॉक बकेट किंवा ब्रेकर विकत घेऊ नका. आधी बघा की दगड सगळीकडे सारखा आहे का. एका पट्ट्यातच असेल आणि तो पट्टा पूर्व-पश्चिम जात असेल, तर ती भिंत आहे. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बकेट चालेल. मग शेतकऱ्याशी बसून बोला की पट्ट्याच्या जागी एक मीटर कमी खोल ठेवून दुसऱ्या अंगाला तळं वाढवता येतं का. योजनेतलं शेततळं असेल तर माप बदलण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला विचारावं लागेल, परस्पर करू नका.

दगड सगळीकडे पसरलेला पण भेगांचा असेल, कांद्यासारखे पापुद्रे सुटून मध्ये गोल गाभा उरत असेल, तर एकदाती रिपर. मी तुमच्या जागी असतो तर जुना, चांगल्या स्थितीतला रिपर आधी शोधला असता. रिपरनं पूर्ण तळ उकलून घ्यायचा, मग बकेट लावून माल भरायचा. सकाळी रिपर, दुपारनंतर बकेट, असं एकदाच बदलायचं. दर तासाला पिना काढत बसलात तर दिवस त्यातच जाईल. यावर कुणी क्विक कपलर, म्हणजे पिना न काढता बकेट बदलायची जोडणी, सुचवेल. रस्त्याच्या मोठ्या कामांना ती सोय चांगली आहे, पण तिनं दाताचं टोक पिनपासून लांब जातं, वजन वाढतं आणि जोर कमी होतो. २० टनी मशीनवर दगडात मला ती परवडत नाही.

रिपर असो की बकेट, दगडाला मोकळं तोंड करून द्या. तळाच्या मधोमध बसून खाली कुरतडू नका. एका कडेला आधी चर काढा, खालपर्यंत, आणि मग त्या चराच्या दिशेनं दगड ओढा. भेग आडवी कोणत्या बाजूला झुकली आहे ते बघून मशीन उभं करा. भेगेत दात घालून ओढला तर सोफ्याएवढा दगड सुटतो, आणि तोच दगड उलट बाजूनं तुम्हाला दिवसभर दात दाखवतो. सिलिंडर पूर्ण लांब किंवा पूर्ण आखूड करून धक्का देऊ नका, शेवटचे चार बोटं सोडा. बकेट वर उचलून दगडावर आपटणं आणि दात अडकवून ट्रॅक चालवून ओढणं, हे दोन्ही मी माझ्या मशीनवर बंद केलंय. ज्यानं केलं त्याला खाली उतरवतो.

पहार ठण्ण वाजली, भेग नाही, दात नुसता पांढरी रेघ मारतोय, तर मात्र ब्रेकर. तासावर भाड्यानं आणा. तुमच्या मशीनला ब्रेकरची तेलाची पाइपलाइन आहे का ते आधी बघा, जुन्या मशीनवर ती पुष्कळदा नसते किंवा काढून विकलेली असते. नसेल तर ब्रेकरवालं मशीनच वेगळं बोलवा. २० टनी मशीनवर साधारण १३५-१४० मिलिमीटर जाडीच्या छिन्नीचा ब्रेकर बसतो. कडेपासून फूट-दीड फूट आत ठोकायला सुरुवात करायची. पंधरा-वीस सेकंदांत चीर गेली नाही तर जागा बदलायची. एकाच भोकात मिनिटभर ठोकलं की छिन्नीचं टोक लाल होतं आणि तिचं पाणी उतरतं. छिन्नीनं दगड उचकटायचा नाही. दगड फुटून छिन्नी हवेत आली की लगेच पाय काढायचा, रिकामे ठोके ब्रेकरच्या आतले बोल्ट तोडतात. ग्रीस मारताना छिन्नी जमिनीवर दाबून, आत ढकलून मग मारा. लोंबकळत ठेवून मारलं तर ग्रीस छिन्नीच्या वर भरतं आणि पहिल्याच ठोक्याला सील फुटतं. हे मी कोरड्या पुस्तकातून सांगत नाही, दोन सीलांचे पैसे भरलेत. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ४५ अंशाच्या उन्हात ब्रेकर चालवायचा असेल तर पहाटे पाचला सुरू करून अकराला थांबा. ब्रेकर तेल तापवतो, बाहेरची हवा थंड करत नाही, आणि रेडिएटरमध्ये काळ्या मातीचा फुफाटा बसलेला असतो. रोज हवा मारून तो साफ करा.

पुढेही साक्री, पिंपळनेर, नंदुरबार भागातच काम करायचं ठरवलं असेल, तरच बकेट विकत घ्या. तेव्हा पाऊण ते ०.९ घनमीटरची, चार दातांची, अरुंद रॉक बकेट बघा. जुनी चालेल. पण घ्यायला जाताना टेप आणि कॅलिपर घेऊन जा. चार मापं लागतात: पिनची जाडी, दोन कानांमधलं आतलं अंतर, दोन पिनांच्या मध्यातलं अंतर, आणि तुमच्या आर्मच्या टोकाची रुंदी. पिनची जाडी जुळली म्हणजे झालं असं समजून खूप जण फसतात. कानांमध्ये चार-पाच मिलिमीटर मोकळीक जास्त असेल तर वॉशर टाकून भागतं. पण दोन पिनांमधलं अंतर वेगळं निघालं तर बकेट बसेल, चालेलही, फक्त पूर्ण गुंडाळताना तळ आर्मला लागेल किंवा ती पूर्ण उघडणार नाही. दुसऱ्या कंपनीच्या बकेटीत हे हमखास होतं. पिन जिच्यात फिरते त्या बुशची भोकं लंबगोल झालीत का ते बोट फिरवून बघा. ओठाच्या पट्टीला दोन अडॅप्टरच्या मध्ये बारीक चीर असेल तर रंगाखाली दिसत नाही, रॉकेलचा बोळा फिरवून पुसा, वर खडूची भुकटी टाका, चिरेत राहिलेलं रॉकेल रेघ काढून दाखवतं. नवा रंग मारलेली जुनी बकेट दिसली की मी आधी रंगच खरवडतो.

तुमच्या फाटलेल्या अडॅप्टरचं. गावातल्या वेल्डरकडून साध्या रॉडनं भरून घेऊ नका, पुन्हा आठ दिवसांत येईल. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड वापरा, तोही ओव्हनमध्ये सुकवलेला. जुनं वेल्डिंग ग्राइंडरनं पूर्ण काढा, चिरेचा शेवट सापडेपर्यंत. ओठाची पट्टी हात लावता येणार नाही इतकी गरम करा, थराथरानं भरा आणि मग गोणपाट टाकून सावकाश निवू द्या. वरून पाणी टाकणारा वेल्डर दिसला तर बकेट उचलून घरी आणा. अर्थची क्लॅम्प बकेटीलाच, वेल्डिंगच्या जवळ लावा आणि बॅटरीची वायर काढा. क्लॅम्प ट्रॅकला लावली तर करंट सगळ्या बेअरिंगांतून फिरत जातो.

पैशाचं एकच. यापुढे काम घेताना ब्रासचा एकच दर बोलू नका. माती-मुरमाचा ब्रासवर दर, पाषाण लागला तर तासावर, आणि ब्रेकरचा तास वेगळा, हे शेतकऱ्याच्या समोर कागदावर लिहा. निघालेला मुरूम-दगड शेताबाहेर विकायचं डोक्यात असेल तर तो गौण खनिजात येतो, तहसीलचा परवाना लागतो. डंपर पकडला गेला की मशीनही उभं राहतं.

आता मला तीन फोटो पाठवा. एक, खड्ड्याच्या उभ्या भिंतीचा, शेजारी फावडं उभं करून, म्हणजे माप कळेल. दुसरा, आठ दिवसांत गेलेल्या पाचही दातांचा, डावीकडून उजवीकडे बकेटवर होते त्याच क्रमानं मांडून. तिसरा, फाटलेल्या अडॅप्टरचा, पाण्यानं धुऊन. जवळ विहीर असेल तर तिचाही काढा, पण कठड्यावर ओणवं होऊन नको.